बॅटरीचा भोंगा केव्हा वाजावा?

सोयाबीनला शेंगा धरू लागल्या की रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखण्याचे काम मराठवाड्यातील अनेक शिवारांत आता झटका मशीनकडे गेले आहे. छोटे सौर पॅनेल, १२ व्होल्टची बॅटरी आणि साधारण सेकंदा-सेकंदाला तारेत क्षणभराचा उच्च दाबाचा झटका सोडणारे यंत्र, एवढाच हा संच असतो. श्रावण-भाद्रपदात तीन-चार दिवस आभाळ भरून राहिले की पॅनेलकडून बॅटरीला पुरेशी वीज मिळत नाही आणि ज्या दिवसांत राखण सर्वाधिक हवी, त्याच दिवसांत एखाद्या रात्री तारेतला झटका बंद पडतो. ते कळते सकाळी, तुडवलेल्या ओळी पाहून. परभणीकडच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, असे दोनदा घडल्यानंतर मी त्या बॅटरीला व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, दाखवणारा आणि तो दाब उतरल्यावर भोंगा वाजवणारा लहानसा मीटर बसवला. बसवायला अर्धा तास पुरला. त्याने नेमक्या वेळी वाजावे, यासाठी मात्र पूर्ण हंगाम गेला.

आपल्याकडे विजेच्या संदर्भात ‘आकडा’ म्हटले की तारेवर टाकलेला आकडा आधी आठवतो. येथे विषय मीटरवर दिसणाऱ्या आकड्याचा आहे, आणि तोही तितकाच फसवा ठरू शकतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे मूळ रसायन आजही तेच आहे: एका पट्टीवर शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि दोहोंच्या मध्ये सौम्य केलेले सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी वीज देते तेव्हा आम्लातील सल्फेट दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसते, पाणी तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरीतल्या एका घटाचा (सेलचा) दाब या आम्लाच्या तीव्रतेवर अवलंबून असल्याने आम्ल जितके पातळ, तितका दाब कमी. आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात (पाण्याच्या तुलनेतील घनतेत) सुमारे ०.८४ मिळवले की घटाचा दाब व्होल्टमध्ये जवळजवळ अचूक मिळतो, असा एक जुना आणि उपयुक्त हिशेब आहे. पूर्ण भरलेल्या घटात विशिष्ट गुरुत्व १.२६५ च्या आसपास असते, म्हणजे दाब २.१ व्होल्टच्या थोडा वर. असे सहा घट मिळून १२.६ ते १२.७ व्होल्ट होतात. बॅटरी निम्मी उतरली की हा दाब १२.२ च्या आसपास येतो आणि ११.८ ला ती रिकामी झाली असे समजावे.

याचा अर्थ असा की पूर्ण भरलेली आणि पूर्ण उतरलेली बॅटरी यांच्यात जेमतेम ०.९ व्होल्टचे अंतर आहे. मीटर ०.१ व्होल्टने चुकला तर साठ्याचा अंदाज दहा-अकरा टक्क्यांनी चुकतो. स्वस्त मीटरमध्ये एवढी चूक सहज आढळते, म्हणून बसवण्यापूर्वी त्याचा आकडा चांगल्या मल्टिमीटरशी ताडून पाहणे आवश्यक आहे. पुष्कळ मीटरांच्या पाठीमागे पेचकसाने फिरवायचा बारीक प्रीसेट असतो. त्याने फरक काढून टाकता येतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वर दिलेले सगळे आकडे विसावलेल्या बॅटरीचे आहेत. चार्जिंग चालू असताना पट्ट्यांच्या छिद्रांमध्ये आम्ल दाट झालेले असते, ते बाहेरच्या आम्लात मिसळायला काही तास लागतात आणि तोपर्यंत बॅटरी खोट्या श्रीमंतीचा आकडा दाखवते. भर उन्हात दुपारी १३.८ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी भरली असे मुळीच नाही. तो आकडा पॅनेल जोडलेले असल्याचा आहे. उलट मोठा भार टाकला की बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे दाब खाली जातो आणि भरलेली बॅटरीही रिकामी भासते. झटका मशीनच्या बाबतीत एक सोय अशी की यंत्राचा भार बॅटरीच्या मानाने अगदी हलका असतो, त्यामुळे पहाटे पॅनेलवर ऊन पडण्यापूर्वी दिसणारा आकडा विसावलेल्या बॅटरीच्या आकड्याच्या बराच जवळ असतो. दिवसातून एकदाच मीटर पाहायचा असेल, तर तो त्या वेळी पाहावा.

भोंगा कोणत्या आकड्याला वाजावा, हे ठरवताना माझी पहिली चूक झाली. मी ११.८ व्होल्टची मर्यादा लावली आणि भोंगा पहाटे तीनला वाजला. त्या वेळी आखाड्यावर दुसरी बॅटरी नव्हती, ऊन तर नव्हतेच, आणि जागे होऊन करण्यासारखे काही उरले नव्हते. नंतर हिशेब उलट्या बाजूने मांडला. समजा बॅटरी १२ अँपिअर-तासांची आहे आणि यंत्र सरासरी पाव अँपिअर घेते. तर बारा तासांच्या रात्रीत ३ अँपिअर-तास, म्हणजे चौथा हिस्सा खर्च होतो. सकाळी बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नसेल, तर दिवस मावळताना तिच्यात किमान तीन-चतुर्थांश साठा हवा, म्हणजे साधारण १२.४ व्होल्ट. म्हणून खरी उपयोगाची सूचना ही रात्रीची नसून संध्याकाळची आहे: दिवस मावळल्यावर तासा-दोन तासांनी, दिवसभराच्या चार्जिंगचा फुगवटा उतरल्यावर, दाब १२.४ च्या खाली असेल तर घरून भरलेली बॅटरी आणून जोडावी. मीटरमध्ये दोन मर्यादा लावण्याची सोय असल्यास पहिली १२.४ ची आणि दुसरी, शेवटची, १२.० ची ठेवावी. निम्म्याचा आग्रह एवढ्यासाठी की उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात आणि पुढे कितीही चार्ज केले तरी ते पूर्णपणे विरघळत नाहीत. ‘बॅटरी बसली’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हेच झालेले असते.

जोडणी सोपी आहे, पण दोन बाबतींत हयगय चालत नाही. मीटरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर घ्याव्यात, भार वाहणाऱ्या वायरीवर मध्येच कुठे नव्हे. घरच्या इन्व्हर्टरला मीटर लावताना मी आळस करून तो इन्व्हर्टरच्या बाजूला जोडला आणि मिक्सर सुरू झाला की भोंगा ओरडू लागला. सुमारे ६०० वॅटचा भार, इन्व्हर्टरमधली तूट धरून, १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ६० अँपिअर खेचतो; वायर आणि तिच्या टोकाचा सैल लग (धातूची कडी) यांचा मिळून रोध केवळ ०.००५ ओहम असला तरी वाटेतच ०.३ व्होल्ट गळतात. मीटर खोटे बोलत नव्हता, तो बॅटरीऐवजी वायरीची हकिकत सांगत होता. दुसरी बाब फ्यूजची. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ, मीटरच्या वायरीवर १ अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण घासून उघडी पडलेली बारीक वायर निगेटिव्हला टेकली तर लहान बॅटरीही क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते आणि ती वायर लालबुंद होऊन आवरण पेटते. याच ओघात एक सांगून ठेवतो: कुंपणाच्या तारेला घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह थेट जोडणे हा झटका मशीनचा स्वस्त पर्याय नाही, त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे.

मीटरच्या आत काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. आतली चिप सहसा पाच व्होल्टपर्यंतचाच दाब मोजू शकते, म्हणून दोन रोधकांची साखळी लावून बॅटरीच्या दाबाचा ठरावीक हिस्सा तिच्याकडे पाठवतात. ३०,००० आणि ७,५०० ओहमचे रोधक घेतले तर पाचवा हिस्सा मिळतो आणि १२.५ व्होल्टचे २.५ होतात. चिपने पाच व्होल्टचे १,०२४ भाग पाडले, तर बॅटरीच्या बाजूने एक पायरी सुमारे ०.०२४ व्होल्टची पडते. म्हणजे अशा मीटरवर दुसरे दशांश स्थळ दिसत असले, तरी त्यावर भिस्त ठेवू नये.

हे सगळे मन लावून करणाऱ्यालाही एक गोष्ट चकवते, ती म्हणजे मीटरची स्वतःची भूक. चमकते अंक दाखवणारा मीटर २० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा आणि महिन्याला साडेचौदा अँपिअर-तास तो एकटाच खातो. वरच्या उदाहरणातील बॅटरी मुळात १२ अँपिअर-तासांची आहे! कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. पेरणीनंतर दोन महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही हेच लागू पडते. उपाय साधा आहे: अंकांच्या पट्टीला दाबायचे बटण लावावे आणि पाहायचे असेल तेवढ्यापुरतीच ती उजळावी, सतत चालू राहील तो फक्त भोंग्याचा परिपथ, आणि तो काही मिलिअँपिअरवर भागतो.

ट्रॅक्टरवर मीटर लावणाऱ्यांची आणखी एक तक्रार असते. सेल्फ मारताच दाब काही क्षण १० व्होल्टपर्यंत खाली येतो आणि भोंगा वाजतो. हा बॅटरीचा दोष नाही. चांगल्या मीटरमध्ये दाब मर्यादेखाली सलग काही सेकंद राहिला तरच वाजण्याची सोय असते. ती पंधरा-वीस सेकंदांवर ठेवावी. तसेच भोंगा वाजण्याचा आणि थांबण्याचा आकडा एकच ठेवू नये. भार काढला की बॅटरी जरा सावरते, दाब वर येतो, भोंगा थांबतो, भार पुन्हा येतो आणि भोंगा पुन्हा वाजतो. अशी रात्रभर पिरपिर सुरू राहिली की माणूस वैतागून त्याची वायरच काढून टाकतो. १२.० ला वाजणारा भोंगा १२.४ झाल्याशिवाय गप्प होऊ नये.

वरच्या बाजूची मर्यादाही आपल्या हवामानात विसरण्यासारखी नाही. चार्जिंगचा दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत योग्य मानतात, पण तो २५ अंश तापमानासाठी. त्यापुढे दर अंशाला तो सुमारे ०.०२४ व्होल्टने कमी करावा लागतो. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२ अंशांवर असतो, तेव्हा १४.० व्होल्टच पुरेसे होतात. चार्ज कंट्रोलर बिघडून दाब १५ च्या वर गेला तर बॅटरीतील पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जाते, पट्ट्या उघड्या पडतात आणि बंद खोलीत साठलेल्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. म्हणून १५ व्होल्टचा भोंगा लावावा, बॅटरी मोकळ्या हवेत ठेवावी आणि उघडणारी बॅटरी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर भरावे; आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तिचे आयुष्य घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला मात्र हे आकडे लावू नयेत. तिचा दाब साठ्याच्या मोठ्या भागात १३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे तेथे दाबावरून साठा न ठरवता आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मीटरच हवा.

मृगाच्या आधी आखाड्यावर पॅनेलची धूळ पुसताना मी आता भोंग्याचीही परीक्षा घेतो. बॅटरी आदल्या दिवशी घरी पूर्ण चार्ज करून रात्रभर विसावू द्यायची, सकाळी १२.६ दिसले तर ती या हंगामाला चालेल, आणि १०.५ च्या आसपास दिसले तर सहापैकी एक घट गेला असे समजून नवी आणायची. मग खालची मर्यादा मुद्दाम १३ व्होल्टवर नेऊन भोंगा खरोखर वाजतो का, आणि बाजेवर झोपलेल्या माणसाला तो ऐकू येतो का, हे पाहायचे. मागच्या वर्षी तो वाजला नाही. मीटर ठीक होता. भोंग्याच्या छिद्रात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते.