पोस्टकार्ड ते सर्च बॉक्स: तरुण संशोधकांच्या वाचनसवयींची पार्श्वभूमी

पीएच.डी.चे विद्यार्थी हल्ली ग्रंथालयाची पायरी चढत नाहीत, ही ज्येष्ठ प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. तिचे खापर नव्या पिढीच्या आळसावर फोडण्याआधी शोधनिबंध संशोधकाच्या हाती आजवर कोणत्या वाटेने पडत आला, हे मात्र पाहायला हवे.

विसाव्या शतकाचा बराच काळ रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची सुरुवात 1907पासून निघणाऱ्या ‘केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’च्या जाडजूड खंडांपासून होई. विषयसूची चाळायची, सारांश वहीत उतरवायचा आणि मूळ नियतकालिक आपल्या ग्रंथालयात येत नसेल, तर लेखकाला पोस्टकार्ड पाठवून रिप्रिंट, म्हणजे निबंधाची सुटी छापील प्रत, मागवायचे, अशी ती रीत होती. युनेस्कोच्या मदतीने 1952मध्ये दिल्लीत उभ्या राहिलेल्या ‘इन्स्डॉक’ने परदेशी निबंधांच्या प्रती आणि भाषांतरे पुरवण्याचे काम हाती घेतल्यावर ही अडचण काहीशी सैल झाली. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांच्या ‘करंट कंटेंट्स’मध्ये नव्या अंकांच्या अनुक्रमणिका आणि लेखकांचे पत्ते एकत्र मिळत, त्यामुळे वर्गणी न परवडणाऱ्या प्रयोगशाळांना निदान कोणाला पत्र घालायचे ते तरी कळे. गारफील्ड यांच्याच 1964च्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने एखाद्या जुन्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, हे शोधण्याची सोय केली, आज ‘सायटेड बाय’वर टिचकी मारणाऱ्या विद्यार्थ्याची सवय मुळात तिथली आहे.

ऑगस्ट 1991मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या आणि पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रीप्रिंट-संग्रहाने, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच्या निबंधांच्या खुल्या साठ्याने, सैद्धान्तिक भौतिकशास्त्रापुरता हा टपालाचा खेळच संपवला. इंटरनेटशी जोडलेल्या मुंबईच्या संशोधकाला नवा निबंध अमेरिकेतल्या संशोधकाबरोबरच वाचता येऊ लागला. जीवशास्त्राला असा संग्रह 2013मध्ये आणि रसायनशास्त्राला त्यानंतर मिळाला, म्हणूनच प्रीप्रिंट वाचण्याबाबतचा संकोच विषयागणिक वेगळा दिसतो, वयागणिक तितका नाही.

2004मध्ये आलेल्या ‘गूगल स्कॉलर’ या निबंध शोधून देणाऱ्या साधनाच्या दोन निर्मात्यांपैकी अनुराग आचार्य हे आयआयटी खरगपूरचे विद्यार्थी; तिथे असताना निबंधांसाठी लेखकांना पत्रे लिहावी लागत, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. या साधनामुळे निबंध सापडणे सोपे झाले, पण उघडणे नाही. निबंध समोर दिसतो आणि किंमत मोजल्याशिवाय वाचता येत नाही, या कोंडीत 2011मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी सुरू केलेले ‘साय-हब’ हे सशुल्क निबंध प्रकाशकांच्या परवानगीविना फुकट देणारे संकेतस्थळ भारतीय विद्यार्थ्यांच्या सरावाचे झाले. प्रकाशकांनी त्याविरुद्ध 2020च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. कायदा प्रकाशकांच्या बाजूचा असेलही, पण ती सवय ग्रंथालयांच्या कंजूष वर्गण्यांनी लावली होती, हेही नोंदवले पाहिजे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024मध्ये मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही संस्थांच्या वतीने नियतकालिकांची वर्गणी एकत्रित भरण्याची योजना याच कोंडीवरचा सरकारी उतारा आहे. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके आणि 6,300हून अधिक संस्था असा तिचा आवाका असून अंमलबजावणी विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राकडे आहे. मात्र पहिल्या टप्प्यात ती सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती आहे, आणि विनाअनुदानित महाविद्यालयांचे जाळे तालुक्यापर्यंत पसरलेल्या महाराष्ट्रात ही मर्यादा लहान नाही.