उडी मारणारा कागदी बेडूक: घड्या कशा घालाव्यात आणि उडी कुठे चुकते

सोबतच्या पुड्यात ७ × १४ सेंटिमीटरचे ६० रंगीत कागद आहेत, वजन ८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. एका कागदात एक बेडूक. कात्री लागत नाही, डिंकही नाही. पुडा संपला तर घरच्या ए-फोर कागदाच्या २१ सेंमी बाजूचे तीन आणि लांब बाजूने १४-१४ सेंमीचे दोन भाग करा. सहा कागद निघतात, पावणेदोन सेंमीच्या आत-बाहेर एक पट्टी उरते. माप थोडे बदलले तरी चालेल, पण लांबी रुंदीच्या दुप्पटच हवी.

बेडकासाठी पुष्कळ जण घोटीव कागद मागतात. रंग झकास असतो, पण कागद पातळ, त्याच्या घडीत जोर राहत नाही, आणि घडीवरचा रंगही उडतो. उलट जुन्या लग्नपत्रिकेचा कागद फार जाड. बेडकाच्या मागच्या भागात कागदाचे सहा थर एकावर एक येतात. पत्रिकेचे सहा थर दुमडतच नाहीत, घडी फाटते. साधा झेरॉक्सचा कागद या कामाला उत्तम.

आता घड्या. कागद उभा धरा, पांढरी बाजू वर. वरचा डावा कोपरा उजव्या कडेवर आणा, म्हणजे वरची कड उजव्या कडेला तंतोतंत लागेल. घडी घालून उघडा. उजव्या कोपऱ्याचेही तसेच. कागदावर फुली दिसेल. कागद पालथा करा. फुलीच्या खालच्या दोन टोकांपर्यंत वरची कड आणून आडवी घडी घाला. ती फुलीच्या मध्यातून जायला हवी. उघडून कागद पुन्हा सुलटा करा. ही आडवी घडी पालथ्या बाजूनेच घालायची. सुलट्या बाजूने घातली तर पुढचा त्रिकोण बसत नाही, कागद नुसता फुगतो. तसे झालेच तर तीच घडी उलट दिशेने मोडून घ्या, कागद वाया जात नाही.

आडव्या घडीची दोन्ही टोके चिमटीत धरून आत ढकला. वरचा भाग आपोआप खाली बसतो आणि त्रिकोण तयार होतो. हे बेडकाचे डोके. त्रिकोणाच्या वरच्या थराला दोन सुटे पंख असतात. पायथ्याच्या मध्यबिंदूपासून घडी सुरू करून एकेक पंख वर वळवा. टोक डोक्याच्या शेंड्यावर न नेता थोडे बाहेर तिरके ठेवा, म्हणजे पुढचे पाय दिसतील. मग खालच्या चौकोनाच्या दोन्ही उभ्या कडा मधोमध आणा. त्या पायांच्या खालून सरकवायच्या, पायांवरून नाही.

इथपर्यंतच्या घड्यांवर नख जोरात फिरवा. नख दुखत असेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ वापरा, मात्र मध्ये रद्दी कागद ठेवा, नाहीतर रंगावर चकाकी उमटते.

शेवटच्या दोन घड्यांना हा नियम लागू नाही. खालची कड वर त्रिकोणाच्या पायथ्याला लावा. मग तीच कड परत खाली आणून नुकत्याच झालेल्या दुमडीला टेकवा. बाजूने पाहिले तर कागद नागमोडी दिसेल. हीच बेडकाची स्प्रिंग. इथे बोटाने हलकेच दाबायचे, नख फिरवायचे नाही. पुरती चपटी केलेली घडी उसळत नाही. दुकानात परत आणून दाखवलेल्या बहुतेक ‘बिघडलेल्या’ बेडकांचे दुखणे हेच असते. उपाय सोपा: नागमोड उघडा आणि पुन्हा अर्धवट दुमडा.

बेडूक पालथा करून टेबलावर ठेवा. पाठीच्या मागच्या कडेच्या जरा पुढे तर्जनी टेकवून दाबा आणि बोट मागे सरकवत सोडा. अगदी कडेवरच दाबले तर बेडूक कोलांटी मारतो, पोरांना तेच जास्त आवडते म्हणा. एकाच बाजूला उडत असेल तर पहिल्या फुलीच्या घड्या कोपऱ्यातून नीट गेलेल्या नाहीत, डोके वाकडे झाले आहे. असा बेडूक सुधारत बसू नका, नवा कागद घ्या.

जमीन कडक आणि गुळगुळीत हवी. घोटलेली शहाबादी फरशी, पाट, परीक्षेचे पॅड, काहीही चालेल. सोलापुरी चादरीवर मात्र बेडूक जागचा हलत नाही. बोटाचा सगळा जोर चादर खाते. उन्हाळ्यात पंख्याखाली खेळू नका, उडी किती आणि वारा किती ते कळत नाही. पावसाळ्यात कागद दमट होऊन घडी ढिली पडते, म्हणून उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

शाळेत दाखवायला मोठा बेडूक हवा असल्यास ए-फोर कागदातून १०.५ × २१ सेंमीचे दोन तुकडे निघतात, पण उडी मऊ पडते. ए-फोर कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बहुधा लांब बाजूने असते. या तुकड्यांची लांबी ए-फोरच्या आखूड बाजूने घेतली तर स्प्रिंगच्या घड्या ग्रेनच्या समांतर येतात, आणि अशा घडीला ताठपणा कमी. पुड्यातले कागद आम्ही ग्रेन लांबीला ठेवूनच कापतो. मोठ्या बेडकासाठी एका ए-फोरमधून १४.८ × २९.६ चा एकच तुकडा काढावा आणि कागद १२० जीएसएमचा घ्यावा. काउंटरवर सांगितलेत तर याच मापात कापून देतो.