चुरमुऱ्यांचा डबा आणि पेटंटचं भांडण

स्फोटाचा दाब शोषणाऱ्या भिंतीच्या पेटंटवरून वाद होतात, असं सांगितल्यावर रबाळे एमआयडीसीतले माझे एक स्नेही चिडले. "वाळू जुनी, जाळी जुनी, फोम जुना. यात शोध कसला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) तेच म्हणतं: माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध नव्हे. शिवाय वाळू भरायचे हेस्को कंपनीचे जाळीदार पिंजरे आज लष्करी तळांभोवती दिसतात, पण कंपनीचे संस्थापक जिमी हेसेल्डन यांनी ते बनवले होते जमिनीची धूप आणि पूर रोखायला.

मग निवाडा कशावर व्हावा? माझ्या मते, भिंतीतला दाब शोषणारा थर चिरडतो कसा यावर.

२३ मे २०२४ च्या डोंबिवलीतल्या स्फोटाने दूरदूरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. अशी शॉक वेव्ह, म्हणजे हवेतून धावणारी दाबाची लाट, कडक भिंतीवर आपटून उलटते तेव्हा भिंतीवरचा दाब दुपटीहून जास्त होतो, जोरदार स्फोटात आठपटही. आता घरी एक करून पाहा. डबा चुरमुऱ्यांनी भरा, आत उतरेल अशी ताटली वर ठेवा आणि तळहाताने दाबा. कुरकुर करत दाणे मोडतात, हात खाली जात राहतो, पण जोर फारसा वाढवावा लागत नाही. सगळा चुरा झाला की मात्र हात दगडावर टेकल्यासारखा अडतो.

ॲल्युमिनियमचा फोम, म्हणजे आत असंख्य पोकळ्या असलेला धातू, असाच मोडतो. आवेग म्हणजे बल गुणिले वेळ. थर आवेग गिळत नाही, तो वेळ लांबवतो, म्हणून मागच्या भिंतीवरचं बल उतरतं. पोकळ्यांच्या भिंती वाकवण्यात गेलेल्या ऊर्जेची उष्णता होते. पण थर पातळ असेल तर तो आधीच चिरडून संपतो, आणि थरावर बसवलेला, वेगात आलेला पुढचा पत्रा त्या चुऱ्यासकट भिंतीवर घणासारखा बसतो. अशा वेळी उघडी भिंत परवडली, इतका दाब मागे पोचू शकतो! जाडी, घनता, मोडण्याचा दाब, पत्र्याचं वजन हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

कारखान्याच्या दारावरच्या लिंबू-मिरचीने यातलं काही बदलत नाही. 'ब्लास्टप्रूफ' लिहून माल विकणाऱ्यालाही विचारा, किती किलो स्फोटक, किती अंतरावर?

पेटंट मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कोणीही हितसंबंधी विरोध नोंदवू शकतो, एरवी हक्क अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा. विरोध करणाऱ्याने वाळू जुनी आहे एवढं सांगून भागत नाही. नुसता फोम, नुसती वाळू आणि दोन्ही एकत्र, अशा तीन चाचण्यांत मागच्या पत्र्याला किती पोक आला, ते शेजारी ठेवून, एकत्र आल्याने काही वेगळं घडत नाही, हे दाखवावं लागेल.