हेराल्डची बॉडी घरी का उघडता येते, त्यामागची जुनी भानगड

आमच्या मळ्यातल्या शेडमधे सध्या स्टँडर्ड हेराल्ड या जुन्या गाडीचं अख्खं बॉनेट, म्हणजे दोन्ही मडगार्डसकट पुढचं सगळं तोंडच, खाटेवर उलटं ठेवलेलं आहे, आणि धरणगावकडून येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, काय करी राह्यना भो, भंगारमा देवानी शे का? आता त्याला काय सांगणार, की ही गाडी अशी पाना घेऊन घरी उघडता येते त्याचं कारण 1953 साली इंग्लंडमधे झालेल्या एका सौद्यात आहे.

तर झालं असं. कोव्हेंट्रीची स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी बॉडीचा पत्रा बाहेरून दाबून घ्यायची, फिशर अँड लडलो नावाच्या कारखान्यातून. 1953 मधे तो कारखाना बीएमसीने, म्हणजे मॉरिस-ऑस्टिनवाल्यांनी, विकत घेतला. आता प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाऊन नव्या गाडीची बॉडी कोण मागणार! दुसरीकडे अख्खी बॉडी एका जागी दाबून मिळेना, मग त्यांनी गाडीचे तुकडेच पाडले. पुढचा भाग, मधला, मागचा, छत, सगळं वेगवेगळ्या कारखान्यांत बनवायचं आणि खाली वेगळ्या चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, नटबोल्टने कसायचं. त्या काळात बाकीचे बिनचासीच्या जोडबॉडीकडे चालले होते, आपली अँबॅसिडर आणि फियाट 1100 तशाच, आणि हे मात्र नाइलाजाने उलटे फिरले. डिझाइन इटलीतल्या मिकेलोट्टीचं, गाडी बाजारात आली 1959 ला, इंजिन 948 सीसी.

याच चासीला आखूड करून 1962 ला ट्रायम्फ स्पिटफायर आली, ती खरी स्पोर्ट्स कार. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्क्याण्णव इंच, हिचा 83. दोघी बहिणी, पण बॉडीकाम करताना एक फरक डोक्यात पक्का ठेवावा लागतो. हेराल्डमधे दाराखालची सिल नुसती बोल्टने लटकवलेली असते, सडली तर काढा, दुसरी लावा. स्पिटफायरमधे तीच सिल बॉडीचा भार घेते, आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड न करता दोन्हीकडच्या सिल एकदम कापल्या तर मधे बॉडी बसते आणि नंतर दारं जन्मात लागत नाहीत.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार फारशा दिसायच्याच नाहीत. 1950 च्या दशकात सरकारने ठरवलं की इथे खरोखर गाडी बनवणार असाल तर राहा, नुसती जोडणी नको, आणि फोर्ड, जनरल मोटर्स निघून गेले. उरल्या हिंदुस्थान, प्रीमियर आणि कोव्हेंट्रीवाल्यांच्याच गाड्या इथे बनवणारी मद्रासची स्टँडर्ड. या स्टँडर्डने 1961 पासून हेराल्ड काढली, पुढे चार दारांची केली, 1972 ला तिचीच गॅझेल झाली. म्हणून खानदेशात कोणाच्या वाड्यात ट्रायम्फच्या खानदानातलं काही सापडलंच, तर बहुतेक हेराल्डच असते, अन् तिच्यावर कापसाच्या गोण्या रचलेल्या असतात.

आमचीवर पण गोण्याच होत्या. गंज मात्र कोकणाच्या मानाने कमी, इथली हवा कोरडी. खरा घोळ पुट्टीचा निघाला. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेत खड्डा भरायला शिसं आणि कथील वितळवून लाकडी पट्टीने पसरवायचे, 1950 च्या दशकात पॉलिस्टर पुट्टी आली आणि सगळ्यांचं काम सोपं झालं, जरा जास्तच सोपं. मागच्या मडगार्डवर लोहचुंबक फिरवला तर एका ठिकाणी तो चिकटेचना, टणकन खाली पडला. छन्नीने टोचलं तर बोटभर जाड पुट्टी ढेकळासारखी निघाली, आतमधे पत्राच नाही, नुसती जाळी! वीस वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने हे करून आमच्या वडिलांकडून नव्या पत्र्याचे पैसे घेतले होते. असो.

रंगाला आमचा पेंटर अजून ड्युकोच म्हणतो, डब्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, लिहिलेलं असलं तरी. हे नाव ड्यूपाँट कंपनीचं, 1920 च्या दशकातलं. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ड्युकोने ते काम तासांवर आणलं. आमच्याकडे मे महिन्यात उलटी अडचण, 44-45 डिग्रीत रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत बसतो, म्हणून रंगकाम दिवाळीनंतर, सकाळी, आणि जिनिंगची रुई उडत नसेल अशा दिवशी.

आता राहिले बोल्ट. रॉकेल सोडून रात्रभर ठेवले तरी अर्धे तुटलेच, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरचेच आटे, बसायला तयार नाहीत. हेराल्डला लागतात यूएनएफ आटे, युद्धात इंग्रज-अमेरिकनांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात म्हणून 1948 ला दोघांनी आणि कॅनडाने मिळून ठरवलेली पद्धत. ते शेवटी मिळाले चोपड्याला, ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात, मॅसी फर्ग्युसनच्या खोक्यात. मला वाटलं योगायोग, पण नाही, 1946 पासून दहा वर्षं फर्ग्युसनचे करडे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी हीच, कोव्हेंट्रीची स्टँडर्ड. दुकानदाराने चाळीस बोल्ट मोजून दिले आणि बिल फाडताना विचारलं, भाऊ, ट्रॅक्टरचं कोणतं मॉडेल, 1035 का? मी हो म्हटलं.