हृदयशस्त्रक्रियेनंतरचा दम: कोरोनाचा की फुप्फुसात साठलेल्या पाण्याचा?

बायपास झालेल्या किंवा झडप बदललेल्या माणसाला खोकला आणि धाप सुरू झाली की घरच्यांना आधी कोरोना आठवतो. पण हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडून फुप्फुसात पाणी साठले तरी खोकला, थकवा, दम हेच दिसते आणि ऑक्सिमीटरवरचा आकडाही तसाच खाली येतो. उपाय मात्र उलटे आहेत. पाणी साठले असेल तर डॉक्टर लघवीची गोळी वाढवतात. तापाने आणि जुलाबाने आधीच कोरड्या पडलेल्या कोरोनाच्या रुग्णाला तीच वाढीव गोळी दिली तर रक्तदाब घसरतो आणि किडनीवर ताण येतो. म्हणून घरच्या घरी गोळ्या कमी-जास्त करू नका.

सुरुवात कशी झाली ते आठवा. कोरोनात बहुधा घसा, अंगदुखी, ताप आधी येतात. दम वाढायचाच असेल तर तो साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास वाढतो. पाणी साठते तेव्हा सहसा ताप नसतो. आडवे झाले की गुदमरते, उठून बसले की बरे वाटते, एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन होतात. घोट्याजवळ बोट दाबले तर खळगा राहतो.

घरच्या घरी चांगला पुरावा वजनकाट्यावर मिळतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करून लिहून ठेवा. एका दिवसात 1 किलोहून जास्त किंवा तीन दिवसांत 2 किलो वाढले तर ते पाणीच समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कोरोनात जेवण तुटते, त्यामुळे वजन उतरण्याकडेच कल असतो. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढली तो एकच पाय काही आठवडे सुजलेला राहू शकतो. वजन स्थिर असेल तर त्या सुजेने घाबरू नका. पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल तर मात्र गुठळीची तपासणी हवी.

आपल्याकडे ताप आला की पेज देतात आणि तोंडी लावायला सुका बांगडा किंवा लोणचे. हृदयाच्या रुग्णाला पेज चालेल, पण त्या खाऱ्या तोंडीलावण्यातले मीठ अंगात पाणी धरून ठेवते. अशाने कोरोनाचा रुग्ण दोन्ही दुखण्यांत सापडू शकतो.

नाडीवर फार विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर तापातही ठोके फारसे वाढत नाहीत.

ताप आहे म्हणजे कोरोनाच, असेही नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या आवरणाला सूज येऊन ताप येतो. तेव्हा खोल श्वास घेताना छातीत टोचते आणि पुढे वाकून बसले की आराम पडतो. टाक्यांतून स्राव येणे किंवा छातीच्या हाडात कटकट जाणवणे हे जखमेच्या संसर्गाचे किंवा हाड नीट न जुळल्याचे लक्षण असू शकते. कृत्रिम झडप असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतलेच पाहिजे. आधीच गोळी पोटात गेली तर झडपेवरचे जंतू तपासणीत न सापडण्याची शक्यता असते आणि खरे निदान लांबते. पावसाळ्यात डेंग्यूही असतो. त्यात प्लेटलेट उतरतात, म्हणून ॲस्पिरिन किंवा ॲसिट्रॉम (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

तापाला पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको. ॲझिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने ॲसिट्रॉमचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा) लवकर तपासावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, झडपेवर किंवा स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

कोरोनाची रॅपिड चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. आरटीपीसीआर, छातीचा एक्स-रे आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) एकत्र पाहिले की चित्र स्पष्ट होते. बायपासनंतर डाव्या बाजूला थोडे पाणी अनेकांना राहते, म्हणून डिस्चार्जच्या वेळचा एक्स-रे सोबत न्या.

बसल्या जागी ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, छातीत दाब आला, ओठ निळसर झाले किंवा गुलाबी फेसाळ थुंकी पडली तर 108 लावा. गोव्यात वाळपई किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका. फोनवर शस्त्रक्रिया कोणती आणि कधी झाली ते आधी सांगा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवे न करता टेकून बसवा आणि डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या, वजनाची वही एका पिशवीत भरून ठेवा.