डिएगो फोर्लान

डिएगो फोर्लान (१९ मे १९७९ – ). उरुग्वेचा आघाडीचा फुटबॉलपटू व २०१० च्या विश्वचषक स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू. जन्म माँटेव्हिडिओ येथे. घराणेच फुटबॉलचे. आईचे वडील हुआन कार्लोस कोरासो उरुग्वे संघाचे प्रशिक्षक होते, तर वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकांत उरुग्वेच्या संघात होते. डिएगोचा ओढा मात्र लहानपणी टेनिसकडेही तितकाच होता. १९९१ मध्ये थोरल्या बहिणीला मोटार अपघातात कायमचे अपंगत्व आले आणि उपचारांचा खर्च घराला पेलवेना. निधी उभारायला डिएगो मॅराडोना धावून आला. बहिणीला उत्तम उपचार मिळावेत म्हणून फुटबॉलमध्येच नाव काढायचे, असे बारा वर्षांच्या डिएगोने ठरवले. टेनिसची हौस त्याने २०२४ मध्ये माँटेव्हिडिओतल्या व्यावसायिक स्पर्धेत दुहेरीत उतरून भागवली.

अर्जेंटिनातील इंदिपेंदिएंते क्लबकडून खेळत असताना जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतले. तिथला पहिला गोल व्हायला आठ महिने लागले, तोही पेनल्टीवर. इंग्लंडमधल्या या काळावरून त्याला जोखणे अन्यायाचे आहे. त्याचे खरे दिवस स्पेनमध्ये आले. व्हियारेआलकडून २००४-०५ मध्ये २५ आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून २००८-०९ मध्ये ३२ गोल करून तो दोन्ही वेळा स्पॅनिश लीगमध्ये अव्वल ठरला. युरोपातील लीगांमधल्या सर्वोत्तम गोलकर्त्याचा ‘गोल्डन शू’ही दोनदा मिळाला, पहिल्यांदा तिएरी ऑन्रीसोबत विभागून. २०१० च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध अ‍ॅटलेटिकोचे दोन्ही गोल त्याचेच होते. दुसरा जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला.

दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने, तेही लांबून मारा करणे ही त्याची खासियत. दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात ‘जाबुलानी’ या चेंडूबद्दल अनेक गोलरक्षक आणि खेळाडू तक्रारी करत असताना फोर्लानने त्याच चेंडूने पाच गोल केले. सुआरेझ आणि काव्हानी या आघाडीच्या सहकाऱ्यांच्या मागे खेळत तो चाली रचायचा आणि संधी दिसताच गोलवर मारा करायचा. घानाविरुद्ध फ्री किकवर बरोबरी साधली, उपांत्य फेरीत नेदरलँड्सविरुद्ध डाव्या पायाने. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध त्याने हवेतल्या हवेत मारलेला गोल स्पर्धेतील सर्वोत्तम ठरला. याच सामन्यात उरुग्वे २-३ ने मागे असताना अखेरच्या क्षणी त्याची फ्री किक आडव्या खांबावर आदळली. उरुग्वे चौथा आला, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ फोर्लानलाच मिळाला, आणि तो योग्यच होता.

पुढच्या वर्षी कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्धच्या ३-० विजयात त्याचे दोन गोल होते. आजोबांनी प्रशिक्षक म्हणून १९५९ मध्ये आणि वडिलांनी खेळाडू म्हणून १९६७ मध्ये दक्षिण अमेरिकेचे हे विजेतेपद मिळवले होते. तिसऱ्या पिढीनेही ते घरी आणले. देशासाठी ११२ सामन्यांत त्याने ३६ गोल केले. शंभर आंतरराष्ट्रीय सामने गाठणारा तो पहिला उरुग्वेयन होय.

इंटर मिलान, ब्राझीलचा इंतेर्नासियोनाल, जपानचा सेरेझो ओसाका आणि वडिलांचाच जुना क्लब पेन्यारोल असा प्रवास करून २०१६ मध्ये तो इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटीत आला. अंधेरीच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या ५-० विजयात त्याने हॅटट्रिक केली. त्या मोसमात मुंबई साखळीत अव्वल राहिली, पण कोलकात्याविरुद्ध उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात फोर्लानला लाल कार्ड मिळाले आणि परतीच्या सामन्यात मुंबईला त्याच्याविना खेळावे लागले. अंतिम फेरी हुकली. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या किची क्लबकडून खेळल्यावर २०१९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.