ड्रायव्हर (गोल्फ) : निवड आणि वापर

ड्रायव्हर : गोल्फच्या पिशवीतला सर्वांत लांब दांड्याचा आणि पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब) सोडल्यास सर्वांत कमी लॉफ्टचा, म्हणजे फेस मागे झुकल्याच्या कोनाचा, क्लब. होलच्या सुरुवातीला टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला चेंडू दूर पाठवण्यासाठी तो वापरतात. जुन्या क्रमवारीत त्याला ‘एक नंबरचा वुड’ म्हणत. नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांत सर्वांत महाग आणि सर्वांत वारंवार बदलला जाणारा बहुधा हाच असतो. चार पार-३ (तीन फटक्यांचे आखूड) होल असलेल्या कोर्सवर तो १८ होलच्या एका फेरीत फार तर १४ वेळा हातात येतो, पण होल कसा खेळायचा हे त्या फटक्यावर ठरते. म्हणून नवा ड्रायव्हर घेताना घाई करू नये. हौशी खेळाडूंच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तीन गोष्टींत सापडते : लॉफ्ट कमी, शाफ्ट (दांडा) लांब आणि चेंडू फेसच्या, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या, मध्यावर न लागणे.

लाकडापासून टायटॅनियमपर्यंत : ड्रायव्हरचे हेड पूर्वी पर्सिमन या अमेरिकन झाडाच्या लाकडाचे असे. विदर्भात ज्याची पाने विडीसाठी तोडतात तो तेंदू, म्हणजे टेंभुर्णी, याच वंशातला, दोन्ही ‘डायोस्पायरॉस’. टणक, दाट धाग्याचे हे लाकूड तासून, वाफवून, तेल पाजून हेड घडवत आणि त्याला साधारण ४३ इंचांचा पोलादी शाफ्ट बसवत. १९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड कंपनी काढून पोकळ पोलादी हेड बाजारात आणले. १९९१ मध्ये कॅलवेचा ‘बिग बर्था’ आला. त्याचे १९० घनसेंमीचे हेड तेव्हा अवाढव्य वाटले होते. नव्वदीच्या मध्यावर टायटॅनियम आले. ते हलके आणि मजबूत असल्याने तेवढ्याच वजनात हेड फुगवता आले. आजची कमाल मर्यादा ४६० घनसेंमी आहे आणि दुकानातले बहुतेक ड्रायव्हर तिला टेकलेले असतात. आता हेडच्या वरच्या टोपीत, आणि काही मॉडेलांत फेसमध्येही, कार्बन फायबर वापरतात. वाचलेले वजन मागे आणि खाली नेले जाते.

हे वजन मागे नेण्याला कारण आहे. वस्तुमान कडेला पसरलेले असले की चेंडू मध्याबाहेर लागला तरी हेड हातात कमी वळते. या गुणाला जडत्व आघूर्ण म्हणतात. दुकानदार एमओआय म्हणतो. उभ्या अक्षाभोवती त्याला नियमाने ५,९०० ग्रॅम-चौ.सेंमीची मर्यादा आहे, वर १०० ची सूट. जाहिरातीत ‘१०,००० एमओआय’ दिसले तर तो उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांची बेरीज असते, हे लक्षात ठेवावे. फेसच्या उसळीवरही मर्यादा आहे. लोलकाच्या चाचणीत पोलादी गोळा फेसला टेकून राहण्याचा काळ सहनसीमा धरून २५७ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त नसावा. चांगल्या कंपन्यांचे फेस आधीच या सीमेजवळ असतात. म्हणून ‘गेल्या वर्षीपेक्षा १५ यार्ड जास्त’ हा दावा मध्यावर बसलेल्या फटक्याबाबत खरा ठरणे अवघड. गेल्या दोन दशकांत खरी सुधारणा झाली ती चुकलेल्या फटक्यात.

फेसवर काय घडते : ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. तो आडवा आणि उभा असा दोन्हीकडे किंचित फुगीर असतो, आणि ही फुगी मुद्दाम दिलेली असते. हेडचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू बाहेरच्या टोकाकडे (टो) लागला की हेड उजवीकडे उघडते. त्या क्षणी चेंडू आणि फेस दातेरी चाकांसारखे एकमेकांवर फिरतात आणि चेंडूला उलट, म्हणजे डावीकडे वळणारी फिरकी मिळते. फुगीमुळे असा चेंडू उजवीकडून निघतो आणि हुक होऊन, म्हणजे डावीकडे वळत, मध्याकडे परततो. हीलकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या बाजूला, लागला तर सगळे आरशासारखे उलटे : डावीकडून निघून स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळण. उभ्या दिशेतही हेच. मध्याच्या थोडे वर लागलेला चेंडू उंच निघतो आणि फिरकी कमी घेतो. खालच्या कडेला लागलेला फुग्यासारखा वर चढून जागेवर पडतो. नव्या ड्रायव्हरने ‘चेंडू फुगतो’ अशी तक्रार आली की आधी फेसवरची जागा पाहावी, मग शाफ्टला दोष द्यावा.

ती जागा पाहायला यंत्र लागत नाही. व्हाइटबोर्डवर लिहायच्या मार्करने चेंडूवर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, भरीव ठिपका काढावा, तो फेसकडे करून चेंडू टीवर ठेवावा आणि मारावा. ठिपका फेसवर उमटतो. दहा फटक्यांत दहा ठिपके मिळतात, आणि ओल्या फडक्याने फेस पुन्हा कोरा होतो. ठिपके हीलकडे गोळा होत असतील तर खेळाडू चेंडूच्या फार जवळ उभा राहतो, किंवा शाफ्ट त्याला लांब पडतो. सगळीकडे विखुरले असतील तर लांबी बहुधा जास्त आहे.

तोटा किती होतो याचा हिशेब सोपा आहे. हेडचा वेग ताशी ९० मैल असेल आणि चेंडू मध्यावर लागला तर चेंडूचा वेग त्याच्या साधारण १.४८ पट, म्हणजे १३३ मैल होतो. कडेला लागून हे गुणोत्तर १.४० वर आले तर १२६. चेंडूच्या वेगातला प्रत्येक मैल कॅरीत, म्हणजे हवेतल्या अंतरात, सुमारे दोन यार्ड देतो. तेव्हा चौदा यार्ड तिथेच गेले. एवढे अंतर कोणतेही नवे मॉडेल भरून देत नाही.

लांबी आणि लॉफ्ट : दुकानातले ड्रायव्हर बहुधा ४५.५ ते ४६ इंचांचे असतात. नियमाची सीमा ४८ इंच आहे. २०२२ पासून स्पर्धा समित्यांना स्थानिक नियमाने ती ४६ वर आणता येते, आणि पीजीए टूरने (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेने) तसे केले आहे. हौशी खेळाडूला ४४.५ ते ४५ इंच बहुतेक वेळा जास्त लाभतात, कारण वेगात जे थोडे जाते ते मध्यावर लागण्याने परत मिळते. मात्र ग्रिपच्या (मुठीच्या) टोकाकडून एक इंच कापले की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना जाणवणाऱ्या हेडच्या जडपणाचे माप, सुमारे सहा अंकांनी उतरते आणि हेड हातात हरवल्यासारखे वाटते. ते भरून काढायला हेडमध्ये सुमारे १२ ग्रॅम घालावे लागतात : तळातला स्क्रू बदलून जड घ्यावा, नाहीतर शिशाची चिकटपट्टी लावावी. आधी ग्रिप एक इंच खाली धरून दोन-तीन फेऱ्या खेळून बघाव्यात. कापलेला शाफ्ट परत वाढत नाही.

लॉफ्टच्या बाबतीत अभिमान आड येतो. नऊ अंशांचा ड्रायव्हर ‘खेळाडूचा’ आणि बारा अंशांचा ‘नवशिक्याचा’ ही समजूत खोडून काढायला हवी. ताशी ८५ ते ९५ मैल वेगाने फिरवणाऱ्याला चेंडू साधारण १३ ते १५ अंशांत निघालेला आणि मिनिटाला २,४०० ते २,९०० फेऱ्या घेणारा असावा लागतो, त्यासाठी १०.५ ते १२ अंश लागतात. वेग ८० च्या खाली असेल तर त्याहून जास्त. टीव्हीवरचा व्यावसायिक ११० च्या वर फिरवतो, म्हणून त्याला कमी लॉफ्ट पुरतो. कमी लॉफ्टमध्ये मागची फिरकी कमी पडल्याने बाजूची वळण जास्त दिसते, आणि स्लाइस असेल तर ती वाढते. शिवाय हेडवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष लॉफ्ट यांत एखाद्या अंशाचा फरक सर्रास असतो.

शाफ्ट : त्यावरची आर, एस, एक्स ही अक्षरे चढता कडकपणा सांगतात, पण अक्षरांचे सर्वमान्य माप नाही, एका कंपनीचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघू शकतो. म्हणून आधी वजन पाहावे. बहुतेकांना ५० ते ६० ग्रॅम जमते. फार हलका शाफ्ट वेग देतो, पण लय बिघडवतो. फार जड असला की शेवटच्या पाच-सहा होलवर हात उशिरा येतात आणि चेंडू उजवीकडे सुटू लागतात.

चाचणी कशी घ्यावी : जुना ड्रायव्हर बरोबर न्यावा. त्याच दिवशी, त्याच चेंडूंनी, आलटून-पालटून मारल्याशिवाय तुलना होत नाही. सरावाच्या रेंजवरचे जुने चेंडू कमी जातात. शक्य असल्यास स्वतः खेळतो तेच न्यावेत. आयर्नने (आखूड, धातूच्या पात्याच्या क्लबने) दहा-पंधरा फटके मारून अंग मोकळे करावे आणि ड्रायव्हरचे एकंदर ३०-४० फटके झाले की थांबावे. त्यापुढे दमलेल्या स्विंगचे आकडे मिळतात. आणि मोजणी-यंत्राच्या पडद्यावरचा सर्वांत मोठा आकडा विसरावा. समजा पहिल्या ड्रायव्हरने कॅरी दिली २३२, २२८, १८५, २२६, १९० आणि दुसऱ्याने २१९, २१६, २१२, २२०, २०८. लक्षात राहतो तो २३२, पण सरासरी पहिल्याची २१२ आणि दुसऱ्याची २१५ आहे. वर दुसऱ्याचा सर्वांत वाईट फटकाही २०० च्या पुढे आहे. पाण्यावरून १९५ ची कॅरी हवी असेल तेव्हा कोणता हातात असावा, हे सांगायला नको. डावी-उजवीकडची पसरणही अशीच तपासावी.

नवा ड्रायव्हर पहिले दोन-तीन आठवडे हमखास चांगला चालतो. नव्या क्लबने माणूस सावध, मोकळा मारतो; सवय झाली की जुना स्विंग परततो. म्हणून पहिल्या फेरीच्या आनंदावर जुना ड्रायव्हर विकून टाकू नये.

होझेलची (शाफ्ट बसतो त्या हेडच्या मानेची) जुळवणी : हल्लीच्या ड्रायव्हरमध्ये शाफ्टच्या टोकाला फिरवता येणारी स्लीव्ह असते. सोबत दिलेल्या पान्याने तळाचा स्क्रू सैल करून शाफ्ट सरळ वर ओढावा, स्लीव्ह हव्या खुणेवर आणून परत बसवावी आणि पाना ‘टक्’ वाजेपर्यंत आवळावा. वाजल्यावर आणखी जोर लावू नये; साध्या पान्याने तर आवळूच नये, आटे जातात. साध्या स्लीव्हमध्ये लॉफ्ट वाढवला की जमिनीवर टेकवलेल्या हेडचा फेस डावीकडे बंद दिसतो आणि कमी केला की उघडा दिसतो. स्लाइसवाल्याला पहिली गोष्ट सोयीची. पण बंद दिसणारा फेस डोळ्याला खटकून अनेकजण नकळत हाताने तो उघडतात आणि फायदा घालवतात. दुसरी अडचण ग्रिपची : स्लीव्ह फिरवली की शाफ्टही फिरतो, आणि ग्रिपच्या मागे उंचवट्याची रेघ असेल तर ती बोटांना भलत्या जागी लागते. अशा ड्रायव्हरला पूर्ण गोल ग्रिप घ्यावी. काही कंपन्यांनी दोन स्वतंत्र कड्या वापरून ही अडचण टाळली आहे. एका कंपनीची स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या हेडला बसत नाही, तेव्हा नुसता शाफ्ट जुन्या बाजारात घेताना हे आधी विचारावे.

फेरी चालू असताना ही जुळवणी बदलता येत नाही. बदलून त्याने फटका मारला तर खेळाडू बाद होतो. फटक्याआधी मूळ खुणेवर आणली तर दंड नाही. स्पर्धेत उतरण्यापूर्वी हेड मान्यताप्राप्त यादीत आहे का तेही बघावे. वापराने फेस पातळ आणि अधिक उसळता होऊ शकतो : २०१९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत, रॉयल पोर्टरश कोर्सवर, अमेरिकन खेळाडू झँडर शॉफेले यांचा ड्रायव्हर चाचणीत सीमेबाहेर निघाला होता.

टी आणि उभे राहणे : चेंडू किमान ४२.६७ मिमी व्यासाचा असतो. हेड जमिनीवर टेकवल्यावर त्याचा निम्मा भाग हेडच्या माथ्यावर दिसावा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत असावा, म्हणजे हेड वर जाता जाता त्याला भेटते. टोपीवर पांढरे ओरखडे उमटू लागले तर टी उंच आहे म्हणून ती खाली करण्याची घाई होते; खरा दोष बहुधा वरून खाली तोडल्यासारखा मारण्यात असतो.

हवामान : जून ते सप्टेंबर मुंबई-पुण्याच्या कोर्सवर चेंडू पडल्या जागी रुततो. रोल जवळजवळ शून्य, म्हणून सगळे अंतर कॅरीत मिळवावे लागते. या चार महिन्यांत एक अंश लॉफ्ट वाढवणे शहाणपणाचे. ओल्या फेसवर फिरकीचा भरवसा नसतो, तेव्हा प्रत्येक फटक्याआधी फेस आणि चेंडू कोरडे करावेत आणि एक फडके छत्रीच्या आत टांगून ठेवावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथली विरळ हवा २०० यार्डांच्या कॅरीत चारेक यार्ड वाढवते. मुंबईकराने तो आकडा नव्या ड्रायव्हरच्या खात्यात धरू नये.

बिघाड आणि काळजी : हेड हलवल्यावर आत खडखड वाजत असेल तर बहुधा वाळलेल्या गोंदाचा तुकडा सुटलेला असतो; हेडच्या भोकातून चिकट गोंद आत सोडून तो पकडतात. आवाज अचानक बदलून फुटक्या मडक्यासारखा झाला तर फेसला तडा गेला आहे का पाहावे. नखाने फेसवर आडवी रेघ ओढली की बारीक तडाही लागतो. फेरीत, गैरवापर न करता, असा बिघाड झाला तर २०२३ च्या नियमांनुसार क्लब बदलता येतो. बनावट ड्रायव्हर ओळखायला चुंबक उपयोगी पडतो : टायटॅनियमच्या फेसला तो चिकटत नाही, पोलादाला चिकटतो. तळाच्या स्क्रूला चिकटला तर घाबरू नये. एप्रिल-मेमध्ये ड्रायव्हर गाडीच्या डिकीत ठेवू नये. उष्णतेने शाफ्ट आणि स्लीव्ह जोडणारा इपॉक्सी मऊ पडतो, ग्रिपखालची पट्टी सरकते, आणि पुढच्या सकाळी पहिल्याच टीवर ग्रिप हातात फिरते.